आडनाव ख्रिश्चन

सिल्वासाच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकात एक उंच, सावळ्या बाई दूधवाल्यावर ओरडत होत्या. भांडण संपलं की आत जाऊ, अशा विचारानं मी पेटी खाली ठेवून बाजूला उभी राहिले. जरा कान दिल्यावर लक्षात आलं की हे भांडण नव्हतंच, बाई माफी मागत होत्या. आदल्या दिवशी त्यांनी त्याला फाटकातच चोर म्हटलं होतं. मग दुधात पाणी घालणारा तो नसून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी आहेत असं निघालं. म्हणून आता त्याच जागी, त्याच आवाजात, समोरच्या सायकलवाल्याला आणि पानवाल्याला साक्षी ठेवून त्या सांगत होत्या की हा माणूस चोर नाही, चूक माझी झाली. दूधवाला किटली छातीशी धरून उभा होता. आदल्या दिवशी शिव्या खातानाही तो इतका ओशाळला नसेल.

त्याला सोडून त्या माझ्याकडे वळल्या. मी नवी शिक्षिका, कोकणातून आले, राहायला वसतिगृहातच खोली मिळाली आहे आणि वॉर्डनबाईंच्या हाताखाली काम करायचं आहे, असं मी भराभर सांगून टाकलं. वॉर्डन त्याच होत्या, शाळेत तासही घ्यायच्या. मी त्यांचं आडनाव विचारलं.

"ख्रिश्चन," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना माझा प्रश्न नीट ऐकू आला नाही. मी म्हटलं, तो धर्म झाला, मी आडनाव विचारलं.

"तेच. धर्म पण तोच नि आडनाव पण तेच. सुटका नाही ने कुठून."

आणि माझी पेटी उचलून त्या आत चालू लागल्या.

गुजरातेत, चरोतरच्या बाजूला, हे आडनाव पुष्कळांचं असतं हे मला पुढे कळलं. बाई तिकडच्याच. मराठी त्या सिल्वासात येऊन शिकल्या, तीही स्वयंपाकघरातल्या खानदेशी मावशींकडून आणि शाळेतल्या आम्हा कोकणी-मुंबईकर मास्तरांकडून मिळेल तशी. त्यामुळे एकाच वाक्यात त्यांची क्रियापदं खानदेशातून निघून आणंदला जाऊन पोचायची. बोलणं मात्र सगळ्यांना कळायचं, कारण ते अर्ध्या गावाला ऐकू जायचं.

आडनावाची हकीकत त्यांनी मला एका दुपारी तांदूळ निवडताना सांगितली. त्यांचे आजोबा विणकर. गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, जातीनंच मारत. पुढे ते ख्रिस्ती झाले. मुलाला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, काय लिहू? आजोबांनी धर्म सांगितला आणि मास्तरांनी तो आडनावाच्या जागी लिहून टाकला. घरी आल्यावर आजोबांच्या लक्षात आलं. पण परत जाऊन बदलून घ्यायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि थोडे दिवस गेल्यावर इच्छाही राहिली नाही.

"चूक मास्तरांची," बाई म्हणाल्या, "नि निस्तरतो आम्ही. तिसरी पिढी झाली."

शिक्षकांच्या खोलीत या नावावरून त्यांची थट्टा चालायची. आमच्यात एक सुतार सर होते, भूगोल शिकवायचे. त्यांनी एकदा विचारलं की बाई, तुम्ही नावाचा एवढा बाऊ का करता? आम्हीपण आडनावं लावतोच की. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्ही जन्मात रंधा हातात नाही धरला तरी तुम्हाला कोणी खोटा सुतार बोलत नाही. मी एक दिवस खोटं बोलले तर माझं नाव खोटं पडतं." सुतार सर हसले, आम्हीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या वह्या उचलून तासाला गेल्या.

त्यांची खरी अडचण ही होती की स्वभाव नावाला अजिबात शोभणारा नव्हता. राग नाकाच्या शेंड्यावर. तोंड उघडलं की समोरच्याचं काही शिल्लक ठेवायच्या नाहीत. त्यांच्या लुनाचा हॉर्न मी आले त्याच्या आधीपासून बिघडलेला होता, पण तो दुरुस्त करायची गरज त्यांना कधी वाटली नाही. बाजारातून जाताना "बाजू, बाजू" असं ओरडत जायच्या आणि नव्या कारखान्यांचे ट्रकसुद्धा बाजूला व्हायचे. मुलींवर ओरडायच्या, मुख्याध्यापकांवर ओरडायच्या, पाणी सोडणाऱ्या माणसावर तर रोजच.

पण जिथे चुकलं तिथे त्या परत जायच्या, आणि जितक्या लोकांसमोर बोलल्या असतील तितक्यांसमोर चूक कबूल करायच्या. एकट्यात गाठून माफी मागणं त्यांना मान्यच नव्हतं. इज्जत चारचौघांत घ्यायची नि परत खोलीत द्यायची, हा कुठला व्यवहार, असं त्या विचारत. एकदा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्या पहिलीतल्या एका मुलीला सॉरी म्हणाल्या. तिला काही कळलंच नाही, ती घाबरून रडायला लागली. मग तिला रडवल्याबद्दल बाईंनी पुन्हा माफी मागितली. प्रार्थना राहिलीच.

आपल्या देवाबद्दल मात्र त्या वसतिगृहात अवाक्षर काढायच्या नाहीत. रविवारी पांढरी साडी, गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावर पदर, आणि गावातल्या जुन्या चर्चमध्ये. परत आल्या की ती साडी घडी घालून ठेवायच्या आणि पुन्हा वॉर्डन व्हायच्या. मुलींची संध्याकाळची प्रार्थना नेहमीची असे, तेव्हा त्या हात जोडून सगळ्यांच्या मागे उभ्या राहत. मी एकदा विचारलं की तुम्हाला कधी काही सांगावंसं वाटत नाही का मुलींना. त्या म्हणाल्या की ही पोरं मला सरकारनं सांभाळायला दिलीत, नि त्यांच्या आईबापांनी माझ्यावर विश्वास टाकलाय. विश्वास एका गोष्टीसाठी घ्यायचा नि दुसऱ्याला वापरायचा, तर ती चोरी झाली.

नाताळचा त्यांचा एक रिवाज होता आणि तो सगळ्या बाजाराला ठाऊक होता. नाताळच्या आदल्या दिवशी त्या घुघरे म्हणजे आपल्या करंज्या, मगस ही बेसनाची मिठाई, आणि शेव असं भरलेलं एकच मोठं ताट तयार करायच्या. ते मित्रमैत्रिणींकडे जात नसे. वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यात जास्त वाजलं असेल त्याच्या घरी ते जायचं, बाई स्वतः घेऊन जायच्या. डिसेंबर लागला की बाजारात चर्चा सुरू व्हायची की यंदा ताट कोणाकडे. एकदा ते बसच्या कंडक्टरकडे गेलं, एकदा आमच्या मुख्याध्यापकांकडे. ताट येणं म्हणजे आपण बाईंशी किती भांडलो याचा जाहीर पुरावा, त्यामुळे घेणारा लाजायचा, आणि खाणारे शेजारी खूश व्हायचे.

मी रुजू झाले त्याच वर्षी ते ताट माझ्याकडे आलं. आमच्या दोघींच्या खोल्यांसमोरच्या बोळात एकच खिडकी होती, तिच्यावरून आमची भांडणं चालायची. मला खिडकी उघडी हवी, त्यांना डासांची धास्ती. अबोलाही झाला होता. शेजारच्या खोलीतून त्या ताट घेऊन आल्या, पलंगावर ठेवलं, आणि म्हणाल्या की खिडकीचं मला अजून पटलेलं नाही, पण तुला मी अडाणी बोलले ते बरोबर नव्हतं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी त्यांना बसा म्हणायचंही विसरले. करंजी खाल्ली, ती फार चांगली होती. खिडकी आम्ही त्यानंतर अर्धी उघडी ठेवायला लागलो.

मग शेठचं प्रकरण आलं. तोवर नव्वदचं साल उलटलं होतं, गावाभोवती कारखाने वाढले होते आणि माणसंही. हे शेठ बाजारातले धान्याचे व्यापारी, वसतिगृहाला डाळ-तांदूळ पुरवायचे. त्या वर्षी आलेली तूरडाळ किडलेली निघाली. मावशींनी दाखवल्यावर बाईंनी पोतं रिक्षात घातलं, शेठच्या दुकानाच्या पायऱ्यांवर नेऊन उपडं केलं, आणि भर बाजारात जे बोलायचं ते बोलल्या. बोलता बोलता त्या शेठच्या वडिलांवर गेल्या. तुझ्या बापानं पण हेच केलं असणार, असं काहीतरी तोंडातून गेलं.

दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. मग पुन्हा बाजाराच्या वेळीच दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मीही सोबत होते. गिऱ्हाईक होतं, शेठ गादीवर बसले होते.

"शेठ, डाळीबद्दल माफी नाही," बाई म्हणाल्या. "डाळ किडलेली होती नि तुम्हाला ठाऊक होतं. पण तुमच्या वडिलांचं मी बोलले ते चूक. मी त्यांना कधी पाहिलं पण नाही. त्यांची माफी मागते."

गिऱ्हाइकांत कोणीतरी हसलं. माझ्या मते शेठना शिव्या पचल्या असत्या, ही माफी पचली नाही. डाळ किडलेली होती हे दुसऱ्यांदा, आणि तेही इतक्या शांतपणे, सगळ्यांसमोर सांगितलं गेलं होतं. त्या नाताळला ताट अर्थातच त्यांच्याकडे गेलं आणि तसंच झाकलेलं परत आलं. नोकर आणून फाटकाशी ठेवून गेला. बाईंनी ते उचललं, मुलींना वाटून टाकलं, आणि दिवसभर कोणावर ओरडल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

त्यानंतर गावात बोलवा उठली की वसतिगृहातली ख्रिश्चन बाई आदिवासी मुलींना बाटवते. कोणी म्हणालं रविवारी चर्चला नेते, कोणी म्हणालं जेवणाआधी वेगळी प्रार्थना म्हणायला लावते. यातलं काही खरं नव्हतं, पण नाव तर होतंच, आणि ते ऐकल्यावर पुढचं ऐकायची कोणाला गरज वाटत नव्हती. अथालकडच्या काही मुलींना आईबाप येऊन घेऊन गेले. मग खानवेलच्या रस्त्याकडच्या गेल्या. खाटा रिकाम्या पडत चालल्या. कचेरीत तक्रार गेली आणि चौकशी लागली. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार, आणि बाईंना तर राहायला ती वसतिगृहातली खोली सोडून दुसरी जागा नव्हती. आईवडील गेलेले, लग्न केलेलं नाही. मुलींना सांभाळण्यातच त्यांचं वय गेलं होतं.

मुख्याध्यापक मूळचे मुंबईचे, सज्जन आणि भित्रे. ते एकदा संध्याकाळी आले आणि हळूच म्हणाले की तुमच्या आजोबांचं मूळचं काही आडनाव असेलच, ते लावायला काय हरकत आहे. निम्मा त्रास नावामुळे आहे.

 बाई म्हणाल्या की त्या नावाची मला लाज नाही, त्या नावानं माझ्या आजोबांनी लुगडी विणली. पण आज मी हे नाव काढून ठेवलं तर लोक बोलतील की त्यात काहीतरी खोट होती. नि खोट तर माझ्यात आहे, नावात कुठे आहे?

मुख्याध्यापकांनी दुसरा उपाय सांगितला, आणि त्यात मीही सामील होते. चौकशीत एकच प्रश्न महत्त्वाचा असणार होता. मुलींशी तुम्ही आपल्या धर्माबद्दल कधी बोललात का? बाईंनी फक्त नाही म्हणायचं. आम्हा सगळ्यांना ते खरंच वाटत होतं. बाई मान हलवून मुलींच्या जेवणाचं बघायला गेल्या.

चौकशीच्या आदल्या दुपारी त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. खडे बाजूला काढायचे तर तांदूळच बाजूला पडत होते. मी सूप हातातून घेतलं. "मला भीती वाटते बेन," त्या म्हणाल्या. मी धीर दिला की काही होणार नाही, नोकरी जाणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नोकरीची नाही ग. उद्या घाबरून मी खोटं बोलेन, त्याची भीती आहे."

खोटं बोलण्यासारखं काय आहे हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

चौकशी शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. उन्हाळा लागला होता. अधिकारी साहेब मध्यमवयाचे, चष्मा लावणारे, फारसं न बोलणारे होते. त्यांच्या टेबलाजवळ आम्हा शिक्षकांना आणि तक्रार करणाऱ्यांना खुर्च्या होत्या. शेठ पहिल्या रांगेत होते. मुलींच्या आईबापांना बोलावणं गेलं होतं, ते पाड्यांवरून सकाळीच चालत आले होते आणि मागच्या भिंतीला टेकून उभे होते, काही जण खिडकीबाहेर. आम्हाला वाटलं होतं की कोणी येणार नाही. ते कशासाठी आले आहेत, कोणाच्या बाजूनं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं.

तक्रार वाचून झाली. मावशींना विचारलं, त्यांनी आपल्या खानदेशी ठसक्यात सांगितलं की प्रार्थना नेहमीचीच होते, चर्चला कोणी जात नाही. मला विचारलं, मी तेच सांगितलं. मग साहेबांनी बाईंना तो प्रश्न विचारला. मुलींशी आपल्या धर्माबद्दल कधी बोललात का?

बाई उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक खाली बघत होते.

"बोलले," बाई म्हणाल्या. "एकदा."

खोलीत कुजबुज झाली. शेठ मागे वळून कोणाशी तरी काही बोलले. मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांनी लिहिणं थांबवून विचारलं की काय बोललात ते सांगा.

"सोमी नावाची मुलगी आहे. तिला मी तेलाच्या बाटलीवरून चोर बोलले. ती रागानं घरी निघून गेली. बाटली नंतर कोठीच्या मागे मिळाली. मी तिची माफी मागितली. तेव्हा तिनं विचारलं की बाई, तुम्ही मोठ्या असून आमची माफी का मागता? मी म्हटलं, माझं आडनाव फार मोठं आहे नि माझं तोंड फार वाईट. त्यामुळे नाव रोज मळतं. मळलं की धुवायचं. इतकंच बोलले. माझं आडनाव माझा धर्म आहे, साहेब. म्हणून मी धर्माबद्दल बोलले असं होतं. लिहून घ्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी सोमीला बोलावलं. ती सातवीत होती, बारीक अंगाची. तिला विचारलं की बाईंनी तुला त्यांच्या देवाची गोष्ट सांगितली का. तिनं नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की बाईंनी काय शिकवलं? सोमी विचारात पडली. शेवटी म्हणाली की बाई ओरडतात, आणि मग माफी मागतात. दुसरं काही नाही.

आता लोक हसले, आणि ते हसणं शेठच्या बाजूचं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक माणूस भिंतीपासून सुटून पुढे आला. डोक्याला फडकं, पायात काही नाही. त्याला कोणी पुढे बोलावलं नव्हतं. तो सोमीचा बाप होता, गलोंड्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा.

"साहेब, ही पोर माझी," तो म्हणाला. "रुसून घरी आली. मंग बाय पाड्यावर आली, चालत आली. आमाला वाटला, पोरीला काढून टाकाया आली. तं ती अंगणात उभी राहली नि सगळे पाड्यासमोर पोरीची माफी मागली. मंग माझी बी मागली. आमचेकडं मोठी मानसा येतात. ओरडतात नि जातात. कोनी मागारी येऊन माफी मागली, असा मना आठवत नाय. माझे बापाला बी आठवत नव्हता. आमचे देवाला ही बाय काय बोलली नाय. तिचे देवाचा बी काय बोलली नाय. पानी मागून प्याली नि गेली."

तो परत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

ही गोष्ट बाईंनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या.

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मागच्या भिंतीकडे पाहिलं. मला वाटतं त्या खोलीत आल्यापासून त्यांनी त्या लोकांकडे पहिल्यांदाच पाहिलं. मग ते खुर्चीतून उठले.

"तुम्ही सगळे सकाळपासून उभे आहात," ते त्या आईबापांना म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नाही. चुकलं माझं. माफ करा."

आणि त्यांनी शिपायाला वर्गातले बाक आणायला सांगितलं. बाक आले, पण कोणी बसेना. साहेबांसमोर कसं बसायचं हे त्या लोकांना कळत नव्हतं. ते बाईंकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत बाईंचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

"बसा ने," त्या म्हणाल्या. "साहेब सांगतात."

मग ते बसले. खिडकीबाहेरचेही आत आले. उरलेली चौकशी त्यांनी बसून ऐकली, आणि ती फार वेळ चालली नाही.

आरोपात तथ्य नाही, असा निकाल लागला. बाई वॉर्डन राहिल्या. ज्या आवाजात त्या आधी बोलत, तो आवाजही लवकरच परत आला. शेठनी डाळ चांगली पाठवायला सुरुवात केली. त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. त्या वर्षीच्या नाताळचं ताट बाईंनी एका नव्या कारखान्याच्या इंजिनीयरकडे नेलं. त्याच्याशी त्यांचं धुराच्या चिमणीवरून जोरात वाजलं होतं. पुढे मी साखर घ्यायला दुकानात गेले तेव्हा शेठनी मला बाजूला बोलावून विचारलं, यंदा आमच्याकडे ताट कसं नाही आलं? मी म्हटलं, बाई म्हणतात की तुमच्याशी आता भांडण राहिलं नाही. शेठ थोडा वेळ तराजूच्या पारड्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तेवढं मला पण सांगायचं ने कोणीतरी." मी हे बाईंना सांगितलं. त्या लगेच लुना काढून बाजारात गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोघांनी दुकानात बसून चहा घेतला, असं पानवाला म्हणाला.

बाई निवृत्त होऊन चरोतरला गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मला चौकशीनंतरचा सोमवार आठवतो.

सुट्टी नव्हती, सण नव्हता. सकाळी शाळा भरायच्या वेळी गलोंड्याच्या रस्त्यानं मुली येताना दिसल्या. डोक्यावर बोचकी, हातात चपला. पुढे मोठ्या, मागे लहान. अथालच्या आल्या, खानवेलच्या रस्त्याकडच्या टेम्पोतून उतरल्या. ज्यांना काढून नेलं होतं त्या आल्याच, पण त्यांनी धाकट्या बहिणी आणि चुलत बहिणीही आणल्या होत्या. त्यांच्या मागून आईबाप. कोणी वाल आणले होते, कोणी कैऱ्या. सोमीच्या बापानं धाकटीचा हात बाईंच्या हातात दिला आणि हिलाबी ठेव, इतकंच म्हणाला. फाटकात दूधवाला होता, सायकलवाला होता, पानवाला दुकान सोडून आला होता. सगळे नुसते बघत होते.

बाई ओट्यावर उभं राहून ओरडत होत्या. पाय धुवा, रांगेत या, बोचकी इथे नको, तिकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायला वेळ नव्हता. खाटा पुरल्या नाहीत, म्हणून लहान मुलींना एका खाटेवर दोघी असं बसवलं. आईबापांनाही जेवायला ठेवून घेतलं. दुपारी भात पुरला नाही. मावशींनी चुलीवर दुसऱ्यांदा आधण ठेवलं, मी तांदूळ धुवायला बसले. ओसरीवर पंगत भरली होती, आईबाप आणि मुली मिसळून. नव्या मुली घाईघाईनं घास कोंबत होत्या, जसं ताट कोणी ओढून नेणार आहे. बाई पातेलं कडेवर घेऊन वाढत फिरत होत्या आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.

"हळू खा ने. भात शिजतोय अजून. इथून तुम्हाला कोणी उठवत नाही."